तिसऱ्या व्यक्तीस सांगणार नाही

माझ्या मावशीच्या पोटात कुठलीही गोष्ट दुपारपासून संध्याकाळपर्यंत कशीबशी राहते. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढताच तिचे "अगं, ऐकलंस का" सुरू झाले की समजावे, आज काहीतरी घडले आहे. नाही सुरू झाले तर तिला ताप आला असेल म्हणून आम्ही तिच्या कपाळाला हात लावून बघतो. अशा बाईला चार वर्षांपूर्वी एका संस्थेने गोपनीयतेचा पाच पानी करार दिला आणि खाली सही करा म्हणून सांगितले. त्या संस्थेच्या धाडसाचे मला अजून कौतुक वाटते.

संस्था धार्मिक आहे. पुढे मोठे सभागृह, मागे कार्यालय आणि तळघरात लाँड्री. लाँड्रीत जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर एक खिडकी, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. खाली शेजारी शेजारी दोन इस्त्रीची टेबले. एकावर मावशी, दुसऱ्यावर चिमटाबाई. कपडे वाळत घालताना चिमटाबाई सगळे चिमटे दातांत धरते आणि तशीच बोलते, म्हणून तिचे हे नाव. बावीस वर्षे या दोघी तिथे उभ्या राहून प्रवचनकारांचे पांढरे झगे, सभागृहाचे पडदे आणि खुर्च्यांचे अभ्रे धुतात, खळ घालतात, इस्त्री करतात.

आणि लाँड्रीवालीपासून काय लपते? संस्थेचे प्रमुख, ज्यांना सगळे थोरले म्हणतात, ते उपवासावर फार सुंदर बोलतात. गोल चेहऱ्याचा, गोड गळ्याचा, मुंगीलाही वाट करून देणारा माणूस. पण त्यांच्या झग्याच्या उजव्या बाहीला दर उपवासाच्या दिवशी जॅम लागलेला असतो. कधी आंब्याचा, कधी स्ट्रॉबेरीचा. जमिनीवर झोपतो असे सांगणाऱ्या एका प्रवचनकाराच्या गादीचा अभ्रा दर पंधरा दिवसांनी धुवायला येतो. मावशी घरी येऊन हे सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. यात कुणाचे काही बिघडत नव्हते.

मग नवा व्यवस्थापक आला. हा आधी साबणाच्या कंपनीत होता. तिथे साबणाची कृती गुप्त ठेवावी लागते. इथे नक्की काय गुप्त ठेवायचे हे त्याला कुणी सांगितले नसावे, म्हणून त्याने सरसकट सगळेच गुप्त ठेवायचे ठरवले. संस्थेच्या वकिलांकडून करार तयार झाला. वकिलांनी साबण कंपनीचाच करार घेतला आणि 'कंपनी'च्या जागी 'संस्था' घातले. कलम नऊ बदलायचे मात्र राहून गेले. त्यामुळे माळ्यापासून थोरल्यांपर्यंत सगळ्यांनी लिहून दिले की साबणाची कृती आम्ही कुणालाही सांगणार नाही. मावशीने हे इतके मनावर घेतले की शेजारणीने "तुमच्या चादरी एवढ्या पांढऱ्या कशा हो?" असे विचारले तरी ती मान फिरवून आत निघून जायची.

आता माझ्या पापाकडे येते. मी शाळेत भाषा शिकवते. सही करण्याआधी मावशी तो करार घेऊन माझ्याकडे आली. माझ्यापुढे चाळीस वह्यांचा ढीग होता आणि पहिल्याच वहीत 'आशीर्वाद' तीन तऱ्हांनी लिहिलेला होता. माझे डोके आधीच फिरले होते.

"हे चौथं कलम बघ," मावशी म्हणाली. "संस्थेत पाहिलेली, ऐकलेली अथवा अन्य मार्गाने कळलेली कोणतीही बाब मी कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीस सांगणार नाही. तिसरी व्यक्ती म्हणजे कोण गं?"

मी वहीतून डोके वर न काढता म्हटले, "पहिल्या दोघांना सांगितलं तर चालतं. तिसऱ्याला सांगायचं नाही."

मी थट्टा केली होती. मावशीने सुटकेचा श्वास टाकला. "दोघं पुष्कळ झाले की," ती म्हणाली आणि तिथेच माझ्याच लाल पेनाने सही करून मोकळी झाली. मला वाटले तीही थट्टाच करते आहे. दुसऱ्या दिवशी माझी आई फणफणत आली तेव्हा मला कळले की प्रकरण गंभीर आहे. कुठल्या तरी झग्याच्या खिशात प्रवचनाऐवजी शब्दकोडे सापडले होते आणि मावशीने ते आईला सांगायला चक्क नकार दिला होता.

"सख्खी बहीण मी," आई म्हणाली. "आणि मला म्हणते, ताई, तू तिसरी."

तेव्हापासून आमच्याकडे नंबर सुरू झाले. प्रत्येक बातमीमागे दोन माणसे. पहिला नंबर काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, कारण ते घरातच असतात आणि त्यांना सांगितले नाही तर मावशीला जेवण जात नाही. दुसरा नंबर फिरता. कधी मी, कधी आई, कधी शेजारीण, एकदा तर भाजीवाला, कारण त्या दिवशी वाटेत तोच आधी भेटला. मावशी रस्त्याने येताना दिसली की लोक घाईघाईने पुढे व्हायचे. तिसरा येईपर्यंत मावशीने मिठाची गुळणी धरलेली असायची. "नाही बाई, सही केलीय मी. शब्द म्हणजे शब्द."

मी तिला पन्नासदा सांगितले की अगं, ती थट्टा होती, त्या वाक्याचा अर्थ तसा नाही. पण आता उशीर झाला होता. "तेव्हा विचारलं तेव्हा एक सांगितलंस, आता एक सांगतेस," ती म्हणायची. "तुला रोज नंबर पाहिजे म्हणून अर्थ बदलतेस होय? मास्तरीण आहेस ना तू?" मीही हळूहळू नंबराच्या रांगेत उभी राहू लागले, कारण बातम्या खरोखरच चांगल्या असायच्या.

चिमटाबाईचा नंबर कधी लावावा लागला नाही. ती शेजारच्याच टेबलाशी उभी असायची. मावशी जे बघायची ते तीही बघायची. दोघी मिळून तिथेच हसून घ्यायच्या, चिमटाबाई चिमट्यांच्या फटीतून.

हे सगळे असेच मजेत चालले असते. पण संस्थेचा स्थापना दिन आला.

त्या दिवशी थोरले संस्थापकांचा झगा घालतात. नव्वद वर्षांपूर्वीचा, हाताने शिवलेला, एरवी काचेच्या कपाटात असतो. त्या आधीच्या मंगळवारी तो लाँड्रीत आला. चिमटाबाईने त्याला अर्धा दिवस लावून इस्त्री केली. तिची दाढ ठणकत होती आणि तिने दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. म्हणून तिने झगा टेबलावर पसरून ठेवला, इस्त्रीचे बटण बंद केले, प्लग काढला, वायर गुंडाळून इस्त्रीवर ठेवली आणि गाल धरून निघून गेली. हे मावशीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग मावशी मागच्या अंगणात वाळलेल्या चादरी काढायला गेली.

चादरी घेऊन ती परत आली तर लाँड्रीच्या दाराच्या काचेतून तिला थोरले दिसले. सात दिवसांचा उपवास चालू होता आणि हा पाचवा दिवस. थोरले चिमटाबाईच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी ब्रेडच्या दोन तुकड्यांत चीज घातले होते, ते कागदात गुंडाळले होते आणि वरून दोन्ही हातांनी गरम इस्त्री दाबून धरली होती. डोळे मिटलेले. मावशी म्हणते की प्रार्थनेतसुद्धा त्यांचा चेहरा इतका शांत कधी दिसला नाही. हसू फुटून त्यांची फजिती होऊ नये म्हणून ती तोंडात पदर कोंबून आल्या पावली अंगणात गेली, चादरींच्या ढिगात तोंड खुपसून पोटभर हसली आणि तशीच घरी आली.

घरी काका होते. पहिला नंबर. मी चहाला आले होते. दुसरा नंबर. मावशीने इस्त्री दाबायची नक्कल करून दाखवली आणि काकांना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवर थापट्या मारता मारता स्वतः खाली बसले. असा चहा वर्षात एखादा होतो.

बुधवारी सकाळी झग्याच्या पाठीवर इस्त्रीच्या तळाच्या आकाराचा तपकिरी डाग सापडला. थोरल्यांनी सँडविच उचलले होते आणि गडबडीत इस्त्री तशीच झग्यावर पालथी टेकवून ते पळाले होते. इस्त्री चालूच होती. टेबल चिमटाबाईचे, इस्त्री चिमटाबाईची. व्यवस्थापकाने दहा मिनिटांत चौकशी पूर्ण केली आणि सूचनाफलकावर कागद लावला: एका कर्मचाऱ्याच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे संस्थेच्या पवित्र ठेव्याचे नुकसान झाले असून सदर कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. नाव लिहिले नव्हते. लाँड्रीत दोनच बायका आणि त्यातली एक अजून कामावर, तेव्हा नाव लिहायची गरजही नव्हती.

मावशी त्या दिवशी घरी आली आणि 'अगं ऐकलंस का' म्हणाली नाही. मी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"मग सांग ना जाऊन," मी म्हटले. "आत्ता जा."

"कुणाला सांगू?" ती म्हणाली. "हे एक, तू दोन. ती तिसरी आहे."

मला आधी हसू आले. मग तिच्या तोंडाकडे पाहिले आणि हसू गिळले. सही केलेले करार जमा करून घेताना व्यवस्थापकाने सगळ्यांना प्रार्थनेच्या पुस्तकावर हात ठेवायला लावला होता. बाकीच्यांनी हात ठेवला आणि काढला. मावशीने मात्र ते मनापासून केले होते. तिच्या लेखी तो कागद नव्हता, व्रत होते. तिची श्रद्धा मला कधी नीट समजली नाही, पण ती खोटी नाही एवढे मला ठाऊक आहे. आणि त्या श्रद्धेच्या पायात मी माझ्या एका आचरट वाक्याची दोरी अडकवून ठेवली होती.

मावशीने यावर उपाय शोधला. काकांनी मंगळवारची गोष्ट विसरायची. ते विसरले की त्यांचा नंबर रिकामा होणार आणि तो चिमटाबाईला देता येणार. कल्पना तशी वाईट नव्हती, कारण काका काय वाट्टेल ते विसरतात. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस, चष्मा, एकदा तर बसमध्ये सासऱ्यांना. पण हे मात्र त्यांना विसरता येईना.

रोज सकाळी मावशी त्यांना उठवून विचारायची, "अहो, त्या मंगळवारी काय झालं होतं?"

काका छताकडे बघत प्रामाणिक प्रयत्न करायचे. मग त्यांचे ओठ हलायला लागायचे. "सँडविच," ते म्हणायचे आणि त्यांना परत ठसका लागायचा.

आठव्या दिवशी ते म्हणाले, "मला काहीच आठवत नाही." मावशीचे डोळे चमकले. तिने विचारले, "थोरल्यांनी कशावर काय ठेवलं, तेही नाही?" काका म्हणाले, "ब्रेडवर इस्त्री? छे. नाही आठवत." मावशी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

इकडे चिमटाबाईचे बरे चालले नव्हते. कामावरून काढले हे एक झालेच. बाजारात बायका तिला बघून रस्ता बदलत. रविवारच्या सभेला ती अजूनही जायची, शेवटच्या रांगेत दाराशी बसायची आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. पण खरी गोष्ट निराळीच होती. तिला स्वतःलाच वाटायला लागले होते की इस्त्री आपणच चालू ठेवली. बटण बंद केल्याचे तिला आठवत होते, पण डाग तर सगळ्यांनी पाहिला होता. म्हणजे आठवते ते खोटे. म्हणजे डोक्यात काहीतरी बिघडायला लागले आहे. तिच्या आईचे तसेच झाले होते आणि शेवटी शेवटी तिने लेकीलाही ओळखले नव्हते.

मी तिला भेटायला गेले तेव्हा ती कुलूप लावून बाहेर निघाली होती. आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो आणि ती परत फिरली, गॅस बंद आहे का बघायला. पुन्हा निघालो, पुन्हा परत. घरातली इस्त्री तिने शेजारणीला देऊन टाकली होती. पर्समधून तिने मला एक कार्ड काढून दाखवले. त्यावर मुलाकडून स्वतःचे नाव, पत्ता आणि त्याचा फोन नंबर लिहून घेतला होता. "हरवले कुठे तर असू दे," ती म्हणाली, अगदी सहज, छत्री जवळ ठेवावी तसे.

मला राहवले नाही. मावशीचे व्रत गेले खड्ड्यात असे म्हणून मी तिला सगळे सांगून टाकले. काचेचे दार, ब्रेड, चीज, सगळे.

चिमटाबाईने शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्या गालावरून हात फिरवला. "माझं मन राखायला सांगतेस बाळा. खरं असतं तर तुझी मावशी पळत आली असती. तिच्या पोटात काही राहतं का?"

मी तशीच घरी आले आणि हे मावशीला शब्दशः ऐकवले. ती भांडी पुसत होती. तिने एकच ताट पुसले, परत पुसले, परत पुसले. मग म्हणाली, "उद्या शनिवार. वकील येतात. तू चल माझ्याबरोबर."

वकीलसाहेब शनिवारी दुपारी संस्थेच्या कार्यालयात बसत. बारीक अंगाचे, बोलण्याआधी टेबलावरच्या सगळ्या वस्तू सरळ करणारे. मावशीने विचारले, "साहेब, तिसऱ्या व्यक्तीत एखादा नंबर वाढवून मिळतो का? फक्त एक. माझी तक्रार नाही, आत्तापर्यंत मी दोनच पाळलेत."

वकिलांना काही उमजले नाही. मला समजावून सांगावे लागले. ते दोनदा ऐकून घेऊन त्यांनी स्टेपलर सरळ केला.

"बाई, करारातली पहिली व्यक्ती म्हणजे तुम्ही स्वतः," ते म्हणाले. "दुसरी व्यक्ती म्हणजे संस्था. बाकी सगळं जग तिसरी व्यक्ती."

"आमचे हेसुद्धा?"

"हो."

"ही भाची?"

"अर्थात."

मावशीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "म्हणजे चार वर्षं मी रोज करार मोडतेय?"

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं," वकील म्हणाले.

"का? तुम्ही कितवे?"

आता वकील विचारात पडले. त्यांनी पेन सरळ केले, मग पेनाचे टोपण. "मी संस्थेच्या बाजूचा. म्हणजे दुसरीच व्यक्ती समजा."

"मग तुम्हाला सांगितलं तर चालतं."

"चालतं. संस्थेचं गुपित संस्थेला सांगितलं तर ते फुटलं असं होत नाही."

"आणि संस्था म्हणजे कोण? व्यवस्थापक?"

"नाही, नाही. तो पगारी माणूस." वकिलांनी कपाटातून संस्थेची घटना काढली आणि बोट ठेवून वाचले. "संस्था म्हणजे तिचे सर्व नोंदणीकृत आजीव सभासद."

मावशी जरा पुढे सरकली. "चिमटाबाई सभासद आहे. आम्ही दोघी एकाच दिवशी झालो. पण तिला काढली ना."

"कामावरून काढलं. सभासदत्व आजीव असतं बाई, ते काढता येत नाही."

मावशी उठली. वकिलांना नमस्कार केला. त्यांचे तिरके झालेले पेन तिनेच उचलून सरळ ठेवले आणि आम्ही बाहेर आलो. मला वाटले ती आता चिमटाबाईच्या घराकडे धावत सुटेल. पण ती घराच्या दिशेने वळली.

"नाव सगळ्यांसमोर घालवलं तिचं," ती म्हणाली. "मी तिला एकटीला कानात सांगून काय उपयोग? उद्या रविवार आहे. उद्या सगळी दुसरी व्यक्ती एका जागी बसलेली असते." मग थोडे चालल्यावर हळूच म्हणाली, "आणि एकटीच्या समोर जायची मला भीती वाटते गं."

रविवारी सभागृह भरले होते. थोरल्यांनी संयमावर प्रवचन केले. प्रवचनानंतर ज्यांना काही अनुभव सांगायचा असेल त्यांनी पुढे यावे अशी तिथली रीत. एक गृहस्थ आपल्या गुडघ्याबद्दल बोलले. मग मावशी पुढे गेली आणि तिने माइक हातात घेतला. बावीस वर्षांत ती तिथे कधी बोलली नव्हती. माइक तिने इस्त्रीसारखा घट्ट धरला होता.

"जे सभासद नाहीत त्यांनी कृपया बाहेर थांबावं," ती म्हणाली. "राग मानू नका. तुम्ही तिसरी व्यक्ती आहात."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग चुळबुळत अकरा जण उठले. त्यात एक मी. मी सभासद नाही आणि मावशीने माझ्याकडे असे बघितले की बसून राहायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही बाहेर अंगणात आलो, कुणीतरी काचेचे दार लावून घेतले आणि आम्ही अकरा तिऱ्हाईत अंगणातल्या खांबाखाली उभे राहिलो. खांबावर भोंगा होता. सभागृहात जागा न मिळणाऱ्यांसाठी बसवलेला. त्यातून मावशीचा आवाज असा खणखणीत येत होता की समोरच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला थांबवले आणि तो बाहेर येऊन उभा राहिला.

मावशीने पहिल्यापासून सांगितले. दाढ, बटण, प्लग, गुंडाळलेली वायर. वायरीला किती वेढे दिले तेही. मग काचेचे दार आणि ब्रेड. "चीज कुठलं होतं ते मला दिसलं नाही, त्यामुळे ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. शपथेवर बोलायचे तर नीट बोलावे, असा तिचा हिशेब.

काचेतून मला व्यवस्थापक धावताना दिसला. त्याने भिंतीवरचा खटका दाबला आणि आतले सगळे स्पीकर बंद झाले. भोंग्याचा खटका वेगळा होता. त्यामुळे पुढचे आतल्यांना धड ऐकू आले नाही आणि आम्हा तिऱ्हाइतांना, दुकानदाराला आणि बसथांब्यावरच्या सगळ्यांना मात्र स्वच्छ ऐकू आले.

"साधं चीज होतं," भोंग्यातून थोरल्यांचा गोड आवाज आला. "मी त्याच दिवशी सांगणार होतो. पण मीही सही केली आहे. व्यवस्थापक म्हणाले, तुम्हालासुद्धा सांगता येणार नाही." थोडा वेळ नुसती खरखर. "बाईंचा काही दोष नाही. त्यांनी उद्यापासून कामावर यावं. झगा मी जाळला. मला भूक लागली होती."

बसथांब्यावर कुणीतरी टाळी वाजवली. का ते त्याचे त्यालाच माहीत.

तेवढ्यात काचेचे दार उघडले आणि चिमटाबाई बाहेर आली. ती दाराशीच बसलेली, त्यामुळे सगळ्यांच्या आधी. पाठोपाठ मावशी माइक थोरल्यांच्या हाती सोडून पळत आली. तिला धाप लागली होती. दोघी अंगणात समोरासमोर उभ्या राहिल्या आणि आम्ही अकरा जण खांबाकडे बघत असल्याचे सोंग करू लागलो.

"म्हणजे बटण मी बंद केलं होतं," चिमटाबाई म्हणाली.

"केलं होतंस."

"तू बघितलंस?"

"बघितलं. प्लगसुद्धा काढलास."

"नक्की ना?"

"वायर गुंडाळलीस गं, चिमटे. चार वेढे दिलेस."

चिमटाबाईने डोळे मिटले आणि एवढा मोठा श्वास सोडला की तिचे खांदे दोन बोटे खाली आले. डोके ठीक होते. तिचे तेवढेच अडले होते. बाजारातल्या बायका, नोकरी, सूचनाफलक, ते सगळे नंतरचे. मला रडू आले आणि ते मी लपवले नाही.

मग तिने डोळे उघडले. "पंचवीस दिवस झाले गं," ती म्हणाली. "पंचवीस दिवस गप्प बसलीस."

"मी दोघांना आधीच सांगून बसले होते," मावशी म्हणाली. "ह्यांना आणि हिला. मग तुझा नंबर तिसरा आला."

"बावीस वर्षं तुझ्या शेजारी उभी आहे मी. आणि मी तिसरी?"

मावशी मान खाली घालून उभी राहिली आणि तिचे अश्रू टपटप चपलांवर पडायला लागले. "चुकलं माझं," ती म्हणाली. "त्या दिवशी मला नुसतं हसायचं होतं गं. म्हणून समोर जो आला त्याला सांगितलं."



"मलाही हसायचं होतं," चिमटाबाई म्हणाली.